चिल्लरमधलं चुकीचं नाणं कसं ओळखायचं: नव्या संग्राहकांसाठी

पुण्याच्या मंडईत मेथीची जुडी घेतली आणि मोड परत घेताना मावशींनी हातावर दोन रुपयांचं एक नाणं ठेवलं. त्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे नव्हतेच. मी तेव्हा या छंदात अगदी नवखा होतो. घरी येऊन मोबाईलवर शोधलं, तर 'साल नसलेलं नाणं लाखात विका' असे व्हिडिओ एकामागून एक. पुढच्या रविवारी ते नाणं घेऊन जुन्या बाजारात गेलो. तिथे नाण्यांची चादर मांडून बसणाऱ्या एका जाणत्या काकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "साच्यात वंगण भरलं होतं. आता मला सांग, वंगण साच्यात येतं कुठून?"

मला सांगता आलं नाही. "मग आधी ते शिकून ये," म्हणाले आणि नाणं परत दिलं.

तो प्रश्न मी आजही प्रत्येक नाण्याला विचारतो. नाण्यावर काही वेगळं दिसलं, तर ते टांकसाळीत नेमकं कोणत्या टप्प्यावर घडलं? उत्तर देता आलं तर ती टांकसाळीची चूक. देता आलं नाही, तर बहुतेक वेळा ते नाणं नंतर कुणीतरी ठोकलेलं, घासलेलं, तापवलेलं किंवा रस्त्यावर गाडीखाली आलेलं असतं. म्हणून चुकांची नावं पाठ करण्याआधी नाणं पडतं कसं, ते बघू.

नाणं कसं पडतं

घरी शंकरपाळ्या, पुऱ्या करताना मोठी पोळी लाटतो आणि वाटीने गोल पुऱ्या पाडतो. टांकसाळीत हेच होतं. धातूचा लांब पट्टा यंत्रात सरकत जातो आणि पंच त्यातून गोल चकत्या कापतात. या कोऱ्या चकतीला ब्लँक म्हणतात. ब्लँक भट्टीत तापवून मऊ करतात आणि धुऊन स्वच्छ करतात. मग एका यंत्रात ती फिरवत तिची कड समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबतात, म्हणजे काठ जरा वर उचलला जातो. हा उचललेला काठ लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा कामाला येणार आहे.

त्यानंतर खरी घडामोड. ब्लँक दोन साच्यांच्या मध्ये येतो. साच्याला सगळे डायच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. एक डाय खाली, एक वर, आणि ब्लँकच्या भोवती पोलादी कडं, त्याला कॉलर म्हणतात. एकाच ठोक्यात छापा आणि काटा दोन्ही उमटतात. धातू बाहेर पसरू पाहतो, कॉलर त्याला अडवते, म्हणून नाणं गोल राहतं. कडेवर दाते असतील तर तेही कॉलरच्या आतल्या बाजूनेच उमटतात. मग नाणं बाहेर ढकललं जातं आणि पुढचा ब्लँक येतो. हे दर सेकंदाला अनेकदा घडतं.

म्हणजे चुकायच्या जागा तीनच: चकती, डाय आणि ठोका. या तिन्हींपैकी एकातही बसत नसेल, ते नाणं बाजूला ठेवायचं.

हत्यारं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, म्हणजे सराफ वापरतात ते लूप, पुरेसं आहे. त्याहून जास्त शक्तीचं भिंग नव्या माणसाला उलट गोंधळात टाकतं, कारण मग प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसायला लागतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक लोहचुंबक. रविवार पेठेत बोहरी आळीच्या दोन फेऱ्या मारल्या की हे सगळं मिळतं. बाकी काचेचं टेबल, महागडा मायक्रोस्कोप असलं काही लागत नाही. बाजूने पडणारा उजेड मात्र हवा. वरून ट्यूबलाइट असेल तर उठाव आणि खाच यांतला फरक डोळ्याला कळत नाही. टेबललॅम्प आडवा करा किंवा सकाळी खिडकीत बसा.

आणखी एक गोष्ट लागते, तिला पैसे पडत नाहीत: त्याच प्रकारची, त्याच टांकसाळीची तीन-चार साधी नाणी शेजारी ठेवा. नवखे लोक हीच पायरी गाळतात, आणि निम्म्या चुका इथूनच सुरू होतात.

पायरी १: बरोबर नाणं कसं दिसतं ते शिका

सालाखालची खूण आधी पाहा. भारतात चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची खूण चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसतेच. त्यामुळे 'सालाखाली खूण नाही, म्हणजे चूक' असं कुणी सांगितलं तर ते नाणं बहुधा कोलकात्याचं आहे, एवढंच समजा. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी एच दिसतो. ती नाणी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या टांकसाळीत पाडून घेतली होती. तीही चूक नाही.

मग वजन-माप. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहिले आहेत:

१९९२ पासूनचा स्टीलचा रुपया: २५ मिमी, ४.८५ ग्रॅम.
२०११ च्या मालिकेतला रुपया: २२ मिमी, ३.७९ ग्रॅम.
२०११ च्या मालिकेतले दोन रुपये: २५ मिमी, ४.८५ ग्रॅम.
२०११ च्या मालिकेतले पाच रुपये: २३ मिमी, ६ ग्रॅम.
२०१९ च्या मालिकेतला रुपया: २० मिमी, ३.०९ ग्रॅम. दोन रुपये: २३ मिमी, ४.०७ ग्रॅम. पाच रुपये: २५ मिमी, ६.७४ ग्रॅम. दहा रुपये: २७ मिमी, ७.७४ ग्रॅम. वीस रुपये: २७ मिमी, ८.५४ ग्रॅम.

पहिली आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. जुना रुपया आणि २०११ चे दोन रुपये मापाने आणि वजनाने सारखेच आहेत. 'दोन रुपयांचा ठोका रुपयाच्या ब्लँकवर पडलाय' असा शोध मला दरवर्षी दोन-तीन जण तरी सांगतात, आणि पुरावा म्हणून वजन दाखवतात. वजन सारखं येणारच. आकडे माहीत असले की ही धावपळ वाचते. काट्यावर एक-दोन शतांश इकडेतिकडे झाले तर लगेच उडी मारू नका. वजनात थोडी सूट नियमातच धरलेली असते, आणि वीस वर्षं खिशात फिरलेलं नाणं झिजतंही.

लोहचुंबकाचंही तसंच. रुपया-दोन रुपयांचं स्टील चुंबकाला चिकटतं. पिवळसर पाच रुपये चिकटत नाहीत. जुने, ९ ग्रॅम वजनाचे, जाडजूड पाच रुपये तांबं-निकेलचे, तेही चिकटत नाहीत. पण मध्ये २००७ च्या सुमाराला पाच रुपये स्टीलचेही निघाले, ते चिकटतात. आपल्या हातातलं नाणं कोणत्या सालचं, कोणत्या मालिकेचं, हे आधी ठरवा आणि मग चुंबक लावा.

दहा रुपयांबद्दल तर वेगळं बोलायला हवं. किरणं दहा आहेत का पंधरा, रुपयाचं चिन्ह आहे का नाही, यावरून अजूनही दुकानात वाद होतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं की दहाच्या नाण्याचे तोवर १४ नमुने निघाले आहेत आणि सगळे चलनात वैध आहेत. तेव्हा नमुन्यातला फरक म्हणजे चूक नव्हे. नमुना टांकसाळ ठरवून बदलते, चूक तिच्या नकळत होते.

पायरी २: हातात धरून पाहण्याचा एकच क्रम ठेवा

नाणं कडेला धरा, बोटं पृष्ठभागावर टेकवू नका. मी आधी काठ पाहतो. सगळीकडे सारख्या रुंदीचा आहे का? कुठे गायब? मग कड, आडवी धरून. मग छापा, म्हणजे सिंहमुद्रेची बाजू. मग काटा. मग साल आणि खूण. भिंग सगळ्यात शेवटी. उघड्या डोळ्यांना जे दिसत नाही, त्याला बाजारात क्वचितच मोल असतं.

यातच डाय फिरलाय का ते तपासून घ्या. सिंह सरळ उभे दिसतील असं नाणं अंगठा आणि तर्जनीत वरून-खालून धरा. आता वहीचं पान उलटावं तसं ते बाजूने फिरवा. आपल्या हल्लीच्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी दिसली, तर एक डाय बसवताना चुकला किंवा चालता चालता सैल होऊन फिरला. याला डाय रोटेशन म्हणतात, आणि चालू चिल्लरमध्ये नवख्याला सापडू शकणारी हीच सगळ्यात शक्य असलेली खरी चूक आहे. किती फिरलाय ते घड्याळाच्या काट्यांनी लिहा: दोनवर, चारवर, सहावर. थोडासा कल बऱ्याच नाण्यांत असतो. एका तासाइतका, म्हणजे तीसेक अंशांपेक्षा कमी असेल तर मी नुसती नोंद करतो, नाणं वेगळं ठेवत नाही. तीनच्या पुढे गेलं की ठेवतो.

पायरी ३: चूक चकतीची, डायची की ठोक्याची

चकतीपासून सुरू करू. पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुरीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. पट्टा नीट पुढे सरकला नाही तर ब्लँकलाही अगदी तशीच गोल खाच येते. पट्ट्याच्या टोकाशी पंच पडला तर सरळ कापलेली बाजू मिळते. अशा नाण्याला क्लिप म्हणतात. आता गंमत अशी की पक्कड आणि कानस घेऊन ही खाच कुणालाही करता येते, म्हणून बाजारात खोट्या क्लिपांचा सुळसुळाट आहे. खरी ओळखायची कशी?

मघाचा उचललेला काठ आठवा. काठ उचलणारं यंत्र चकती दोन बाजूंनी दाबतं. एका बाजूला खाच असेल तर तिथे दाबायला धातूच नसतो, त्यामुळे बरोबर समोरच्या बाजूलाही दाब पडत नाही. म्हणून खऱ्या क्लिपच्या नेमका समोर काठ अशक्त, पुसट किंवा नाहीसाच असतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. शिवाय खाचेजवळची अक्षरं खाचेकडे ओढल्यासारखी दिसतात, कारण ठोक्याच्या वेळी धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहिला. कानशीने केलेल्या खाचेत अक्षर सुरीने कापल्यासारखं तुटतं आणि समोरचा काठ ठणठणीत असतो. प्रत्येक खऱ्या क्लिपवर हा परिणाम ठळक दिसेलच असं नाही, पण दिसला तर तो खोटा करणं फार कठीण. मला या छंदातली ही सगळ्यात सुंदर खूण वाटते. यंत्राने स्वतःची चूक दोन ठिकाणी लिहून ठेवलेली असते.

चकतीचे बाकीचे दोष थोडक्यात: धातूचा पापुद्रा सुटणं, आणि ठोकाच न पडलेली कोरी चकती. कोऱ्या चकत्या विकत घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. घासून गुळगुळीत केलेलं नाणं आणि कोरी चकती यांतला फरक वजन, व्यास आणि काठ पाहूनच कळतो, आणि त्यासाठी हात बसावा लागतो.

डायच्या चुका ओळखायला एक नियम पुरतो. डाय म्हणजे मोदकाचा साचा: साच्यात जे खोल, ते मोदकावर उंच. डायला तडा गेला तर तो तडा डायवर खोल असतो, म्हणून नाण्यावर उठावाची, उंच रेघ येते. ओरखडा नाण्यावर नंतर पडतो, तो खोल असतो. नखाने हलकेच तपासायचा मोह होतो, तो टाळा. आडव्या उजेडात सावली कुठल्या बाजूला पडते ते पाहा. उंच रेघ म्हणजे डायचा तडा, खोल रेघ म्हणजे ओरखडा. स्टील कठीण असतं आणि डायवर फार ताण आणतं, त्यामुळे रुपया-दोन रुपयांवर असे तडे बऱ्यापैकी सापडतात. सिंहांच्या आसपास किंवा काठापासून आत येणारी केसासारखी उंच रेघ शोधा. तडा वाढत जाऊन काठालगतचा डायचा तुकडाच निखळला, तर नाण्यावर त्या जागी नक्षी नसलेला धातूचा उंच गोळा येतो. त्याला कड (cud) म्हणतात, पण हा इंग्रजी शब्द आहे, आपल्या नाण्याच्या कडेशी त्याची गल्लत करू नका.

एखाद वेळी ब्लँक यायचा चुकतो आणि दोन्ही डाय एकमेकांवरच आदळतात. मग पुढच्या नाण्यांवर छाप्याच्या मोकळ्या जागेत काट्याच्या नक्षीची पुसट, उलटी सावली दिसते. हा डाय क्लॅश. पहिल्यांदा सापडला तेव्हा मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

आणि वंगण. प्रेसच्या फिरत्या भागांचं वंगण आणि धातूची बारीक धूळ मिळून डायच्या खोल जागांत, म्हणजे नेमकी अक्षरं-आकड्यांत भरते. तिथे धातूला शिरायला जागा उरत नाही आणि अक्षर उमटतच नाही. मावशींनी दिलेल्या नाण्याचं हेच झालं होतं. खऱ्या वंगणी नाण्यावर हरवलेल्या आकड्याच्या जागी पृष्ठभाग आसपासच्या इतकाच समपातळीत असतो, आणि नीट पाहिलं तर आकड्याचं भूत दिसतं. आकडा कानशीने घालवला असेल तर तिथे बारीक समांतर रेघा आणि किंचित खड्डा असतो. अशी नाणी बरीच निघतात, त्यामुळे त्यांना मोल फारसं नाही. शिकण्यासाठी मात्र याहून चांगलं नाणं नाही.

दुहेरी दिसणारी अक्षरं, हे नवख्यांचं दुसरं आवडतं ठिकाण. ठोक्यानंतर डाय किंचित थरथरला, सरकला, तर अक्षराची एक बाजू घासली जाऊन चपटी पायरी तयार होते. अशी पायरी दिसली, अक्षर एका बाजूने जरा बारीक झालेलं असलं, तर ते यंत्राचं थरथरणं. ते फार सापडतं. डायवरच अक्षर दोनदा कोरलं गेलं असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव, आणि टोकांशी दुभंगलेली दिसतात. ते अगदी विरळ.

राहिला ठोका. ब्लँक कॉलरमध्ये नीट बसलाच नाही आणि ठोका एका बाजूला पडला, तर एकीकडे नक्षी कापली जाते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते. हे ऑफ-सेंटर. इथे दोन्ही बाजू सारख्याच सरकलेल्या असायला हव्यात. फक्त छापा सरकलाय आणि काटा जागच्या जागी आहे, असं असेल तर ब्लँक बरोबर बसला होता, एकच डाय सरकला होता. त्याला डाय शिफ्ट म्हणतात आणि त्याला मोल कमी. ऑफ-सेंटरमध्ये सरकणं जितकं जास्त, तितकं नाणं चांगलं, पण साल आणि टांकसाळीची खूण शाबूत हवी. अर्धं नाणं कोरं आहे आणि साल पूर्ण वाचता येतंय, असं नाणं म्हणजे संग्रहाचा मान.

ब्लँक मध्यभागी बसला पण कॉलर वर आलीच नाही, तर धातू मोकळा पसरतो. नाणं नेहमीपेक्षा रुंद होतं आणि काठ राहत नाही, वजन मात्र तेवढंच. हे ब्रॉडस्ट्राइक.

आणि मग ब्रॉकेज, जुने व्यापारी ज्याला लखी म्हणतात. पाडलेलं नाणं बाहेर न पडता एका डायला चिकटून राहतं. पुढचा ब्लँक आला की एका बाजूने डायचा ठोका आणि दुसऱ्या बाजूने त्या चिकटलेल्या नाण्याचा. म्हणून दुसऱ्या नाण्यावर एक बाजू नेहमीसारखी आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी उलटी, खोल गेलेली. आरशात पाहावं तशी. अगदी पहिला ठोका असेल तर ही उलटी नक्षी स्वच्छ असते. चिकटलेलं नाणं ठोके खात राहिलं की पसरतं आणि नक्षी फुगत, पुसट होत जाते.

एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगावी लागते. जुन्या बाजारात शिवराई हातात आली आणि 'श्री राजा शिव' मधलं अर्धं अक्षर चकतीबाहेर गेलेलं दिसलं, तर ते ऑफ-सेंटर म्हणून वेगळं मोजू नका. शिवराई हाताने, हातोड्याने पाडलेली. तिला कॉलर नव्हती आणि डाय चकतीपेक्षा मोठा असायचा. अक्षर बाहेर जाणं हा तिचा स्वभाव आहे. चूक म्हणायला आधी यंत्राचा नेम असावा लागतो.

पायरी ४: दहा आणि वीसची दोन धातूंची नाणी

यात कडं आणि मधली चकती वेगळी बनते आणि ठोक्याच्या दाबानेच दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून इथे वेगळ्या चुका होतात: मधली चकती एका बाजूला सरकलेली, कड्याचं भोक मध्यावर नसलेलं, किंवा चकतीशिवायच ठोका पडलेला. शेवटच्या प्रकारात भोकाची आतली कड ठोक्याने आत सरकलेली, फुगलेली असते, कारण धातूला वाहायला मोकळी जागा होती. मधली चकती नंतर ठोकून काढली असेल तर भोकाची भिंत सरळ राहते, तिच्यावर पकडीची खाच आणि ओरखडे दिसतात, आणि नक्षी भोकाशी येऊन एकदम तुटते. अशी चकती काढलेली नाणी खूप विकायला येतात. भोक पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.

पायरी ५: बनावट आणि बिघडलेली नाणी वेगळी करा

दोन नाणी समोरासमोर ठेवून शिकंज्यात दाबली की उलटी नक्षी उमटते आणि ती ब्रॉकेज म्हणून विकतात. ओळखायचं असं: खऱ्या ब्रॉकेजवर ती संपूर्ण बाजूच उलटी असते, मूळ नक्षीचा मागमूस नसतो. शिकंज्यात दाबलेल्यावर मूळ नक्षी चपटी झालेली, तिच्यावरच उलटी अक्षरं चढलेली. दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं दिसलं तर कडेच्या आतल्या बाजूने भिंग फिरवा, जोड सापडतो. शिवाय ते टेबलावर टाकून आवाज ऐका, जोडलेलं नाणं बद्द वाजतं. स्टीलच्या रुपयावर तांब्याचा मुलामा देऊन 'चुकीच्या धातूचं नाणं' म्हणून खपवतात. त्याला चुंबक आणि वजन पुरेसं आहे. चुंबकाला चिकटणारं तांबं नसतं.

आणि स्वतः असले प्रयोग करून बघू नका. नाणं कापणं, वितळवणं, विद्रूप करणं हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे.

किंमत

मी तुम्हाला दरपत्रक देणार नाही, कारण चुकीच्या नाण्याला ठरलेला भाव नसतो. डायचा बारीक तडा किंवा वंगणी नाणं याला बाजारात दर्शनी किमतीपेक्षा फार जास्त मिळत नाही. मोठं ऑफ-सेंटर, स्वच्छ ब्रॉकेज, चुकीच्या ब्लँकवरचा ठोका यांना जाणकार गिऱ्हाईक असतं. ती नाणी चिल्लरमध्ये आयुष्यात एखाद-दुसरीच भेटतात.

जुनी किंवा चुकीची नाणी लाखांत घेतो आणि आधी थोडं शुल्क भरा, कमिशन भरा, कर भरा, असं कुणी फोनवर म्हणालं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं आहे: बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून पैसे उकळले जात होते. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही आणि कुणाला करायला सांगितलेलंही नाही. माझ्या ओळखीच्या एका आजोबांचे पेन्शनचे पैसे असे गेले. त्यांच्याकडचं नाणं साधं कोलकात्याचं होतं. ज्या दिवशी मला ते कळलं, त्या दिवसापासून मी भेटेल त्या नव्या माणसाला टांकसाळीच्या खुणा आधी शिकवतो.

पायरी ६: सापडलं, आता पुढे

धुवू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नाही. देवाची भांडी आपण लख्ख करतो ते ठीक, पण नाण्याचा मूळ पृष्ठभाग एकदा गेला की परत येत नाही, आणि घासलेल्या नाण्यावर चूक खरी की खोटी हे सांगणारे पुरावेही पुसले जातात. फारच माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका.

पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्या पीव्हीसीमुळे तांबं असलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. पुण्यातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यांना डाग फार लवकर पडतात.

शोधायला कुठे जाल? भाजीवाले, पीएमपीचे कंडक्टर, किराणा दुकानदार यांच्याकडे सुट्ट्यांच्या बदल्यात नोट द्या, त्यांना आनंदच होतो. बँकेतून नाण्यांची न फोडलेली पिशवी मिळाली तर उत्तम, कारण एकाच डायची बरीच नाणी तिथे सलग मिळतात आणि एकच तडा नाण्यागणिक वाढताना दिसतो. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे सुरुवातीला विकत घेण्यापेक्षा बघायला जा. पुण्यात भरणाऱ्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात खरी ब्रॉकेज, खरी ऑफ-सेंटर नाणी हातात घेऊन बघू देणारे व्यापारी भेटतात. विचारा, पण कडेला धरून बघा, त्यावरूनच ते तुम्हाला ओळखतात.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक नाण्याची नोंद करा: कुठे मिळालं, तारीख, मालिका, टांकसाळ, वजन, व्यास, चुंबक, काय दिसतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते कोणत्या टप्प्यावर घडलं. हा शेवटचा रकाना भरता आला नाही तर तो रिकामाच ठेवा, अंदाज लिहू नका. मंडईतल्या त्या नाण्याची नोंद माझ्या वहीत अशी आहे:

दोन रुपये, २०११ ची मालिका. मंडई, मेथीच्या मोडीत. हैदराबाद, चांदणी स्पष्ट. ४.८३ ग्रॅम, २५ मिमी, चुंबकाला चिकटतं. सालाचे शेवटचे दोन आकडे नाहीत, जागा समपातळीत, तिरप्या उजेडात एकाचं भूत दिसतं, रेघा नाहीत. टप्पा: डाय, वंगण भरलेला. वंगण प्रेसच्या फिरत्या भागांतून येतं.